‘झाडांचं इंटरनेट’वाल्या फोटोबद्दल खुलासा

झाडाच्या सालीखालच्या काळ्या दोऱ्यांचा फोटो आणि खाली ‘झाडांचं इंटरनेट: अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलातली ही बुरशी सगळ्या झाडांना अन्न पोचवते’, असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. मीही तो परवा पुढे पाठवला, न तपासता, त्याबद्दल मनापासून सॉरी.

खरं असं आहे की त्या दोऱ्या आर्मिलेरिया नावाच्या बुरशीच्या आहेत, त्यांना रायझोमॉर्फ म्हणतात. मुळासारख्या दिसतात पण मुळं नाहीत, बुरशीचे बारीक तंतू एकत्र वळून झालेल्या, बुटाच्या लेससारख्या, वरून काळ्या टणक आणि आतून पांढऱ्या. त्या मातीतून सरकत शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटतात, आत शिरतात आणि मग मूळ कुजायला लागतं. दोन झाडांची मुळं एकमेकांना टेकली तरी बुरशी तिथूनही पुढे जाते. आजारी झाडाची बुंध्याजवळची साल सोलली की पंख्यासारखा पांढरा पापुद्रा दिसतो.

ओरेगॉनमधली ही एकच बुरशी सुमारे ९६५ हेक्टर पसरलीय हे मात्र खरंय. २००३ च्या अभ्यासात मरणाऱ्या झाडांवरचे बुरशीचे नमुने प्रयोगशाळेत एकाच बशीत शेजारी शेजारी वाढवले, एकाच बुरशीचे असले तर एकमेकांत मिसळतात, वेगळे असले तर मधे रेघ पडते, शिवाय डीएनएही तपासला.

मुळांना खरंच मदत करते ती मायकोरायझा नावाची बुरशी, आपले शेतकरी वापरतात ती, आणि ती पूर्ण वेगळी.

तेव्हा प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.