रॅम कंपनीकडूनच वाढवून घ्यावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘लॅपटॉपची रॅम आणि एसएसडी (फायली साठवणारी ड्राइव्ह) बाहेरून घेऊन बसवा, कंपनीला जास्तीचे पैसे कशाला देता’ हा माझा सल्ला तुम्हाला बेजबाबदार वाटला. कंपनीच्या किमतीत तपासणी आणि वॉरंटी धरलेली असते आणि असलं काही वाचून लोक चांगला चालणारा लॅपटॉप बिघडवून बसतात, असं तुम्ही लिहिलंय.

आधी तपासणीचं बघू. लॅपटॉप विकणाऱ्या बहुतेक कंपन्या मेमरी चिप स्वतः बनवत नाहीत. डीरॅमचं, म्हणजे रॅममधल्या चिपचं, बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हातात आहे. मी माझ्या लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं, तेव्हा आतल्या रॅमच्या पट्टीवर, म्हणजे स्टिकवर, यांच्यातल्याच एकीचं लेबल होतं. बाजूच्या दोन क्लिपा बोटांनी फाकवल्या की स्टिक आपोआप तिरकी वर येते. डीडीआर४ या पिढीच्या रॅमची ही लॅपटॉपची स्टिक २६० पिनांची असते आणि तिची खाच मधोमध नसल्यामुळे ती उलटी बसतच नाही. शेजारचा स्लॉट रिकामा होता. त्यात तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी बसवली, रात्रभर मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी चालवली. एकही एरर आली नाही. ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याची सोय, मिळाली ती वेगळीच. खरेदीच्या वेळी एवढ्याच वाढीसाठी कंपनी जे मागत होती, त्यात बाहेर अशा दोन स्टिक आल्या असत्या.

वॉरंटीबद्दल इतकंच, की जुनी स्टिक काढावी लागली तर ती टाकून देऊ नका. मशीन अडलं तर ती परत लावून बघा, दोष नव्या स्टिकचा की मशीनचा ते लगेच कळतं. सर्व्हरसाठी कंपनीचेच पार्ट घ्यावेत, हे तुमचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. तिथे सपोर्टवाले पहिल्यांदा बाहेरचे पार्ट काढायला सांगतात, आणि तेवढा वेळ काम बंद ठेवणं परवडत नाही.

आता माझी चूक. प्रत्येक लॅपटॉप उघडून वाढवता येतो, अशा थाटात मी लिहिलं होतं. तसं नाही. २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली होती. २०२०च्या एम१ या ॲपलच्या चिपमध्ये ती प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच गेली. इतर कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपमध्येही एलपीडीडीआर ही कमी वीज खाणारी मेमरी बहुधा सोल्डर केलेलीच येते. चिप प्रोसेसरजवळ असली की वेग वाढतो, वीज कमी लागते, हे कारण खरं आहे. पण एकदा स्लॉट गेला की कंपनी सांगेल तीच किंमत, आणि मला राग आहे तो याचाच. दुसरा मार्ग नाही असंही नाही: स्क्रूने बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या कॅम२ या रॅम मॉड्यूलचं मानक जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, त्यात एलपीडीडीआर५ सुद्धा बसते.

तुमचा लॅपटॉप याच पातळ प्रकारातला दिसतोय. मग रॅमसाठी तुम्ही खरेदीच्या वेळीच पैसे मोजलेत ते योग्यच केलंत. एसएसडीचं मात्र मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. एम.२ स्लॉट (एसएसडी बसवण्याची खाच) असेल तर २२३० बसते की २२८०, म्हणजे ३० मिमी लांबीची की ८० मिमीची, तेवढं पाहून घ्या. ऑर्डर देताना बहुतेकांची गफलत या लांबीतच होते.