"अजून एक पाऊल मागे, तुझे पाय कट होतायत"

गेल्या शनिवारी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर होतो. पाऊस नुकताच आवरलेला, गवत गुडघाभर आणि शेंड्याला पिवळं पडायला लागलेलं. सूर्य बुडायला वीसेक मिनिटं असतील. माझ्यापासून दहा-बारा हातांवर एक पोरगा दरीकडे पाठ करून उभा होता आणि समोरून त्याचा मित्र मोबाइल धरून सांगत होता, "अजून एक पाऊल मागे, तुझे पाय कट होतायत."

तो सरकलाही.

मी ओरडलो नाही. अशा वेळी ओरडायचं नसतं, दचकलेला माणूस कुठल्या बाजूला पाय टाकेल याचा नेम नाही. चालत जवळ गेलो आणि म्हटलं, "मित्रा, इकडे ये जरा, तुझ्या सॅकची चेन उघडी राहिलीय." तो चार पावलं पुढे आला. चेन बंदच होती. मग काय ते बोललो. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखतो: 'आले काका ज्ञान पाजळायला.' बरोबर आहे त्याचं. 47 वर्षांचा आहे मी, गुडघ्याला पट्टा बांधून चढतो, काकाच आहे. पण त्याला तिथे दोन मिनिटांत सांगता आलं नाही ते इथे लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सह्याद्रीत माणसं पडतात ती अवघड जागी पडतात असा सगळ्यांचा समज असतो. माझा अनुभव उलटा आहे. कातळटप्पा आला की सगळे शहाण्यासारखे वागतात. सॅक आवळतात, तोंड कातळाकडे करतात, तीन आधार पक्के झाल्याशिवाय चौथा हलवत नाहीत, खालचा वरच्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगतो. टप्पा संपतो, वर सपाटी येते, वारा लागतो, कोणीतरी चिवड्याची पिशवी फोडतं. सगळा घोटाळा तिथून पुढे होतो.

माझाही तसाच झाला होता. 2003 सालचा डिसेंबर, नाशिककडचा एक किल्ला. वाटेतला चांगला वीस-पंचवीस फुटांचा कातळ आम्ही सहा जण दोर न लावता चढून गेलो (तेव्हा तेच भूषण वाटायचं). वर आल्यावर एका चिंचोळ्या पदरावर, म्हणजे कड्यामधल्या अरुंद सपाटीवर, जेवायला बसलो. मी उभ्यानेच खात होतो. एकाला बसायला जागा हवी म्हणून मागे सरकलो, फार तर वीतभर. पायाखाली गवत होतं आणि गवताखाली काहीच नव्हतं. दहा-बारा फूट खाली कारवीच्या दाटीत अडकलो म्हणून आज टाइप करतोय. उजवं मनगट मोडलं. गंमत म्हणजे डाव्या हातातला पोळीचा रोल सुटला नव्हता. मित्र अजून त्यावरून हसतात, मीही हसतो. पण कारवीच्या पलीकडे काय होतं ते मी तेव्हा पाहिलं होतं, त्यांनी नाही.

हे गवताचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण कड्याची कड बघून कळत नाही. आपला डोंगर एकसंध नाही, थरांचा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत आला, त्यातला प्रत्येक थर सारखा घट्ट नाही. टणक थराच्या खाली बऱ्याचदा मऊ थर असतो, दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पाऊस आणि वारा आधी मऊ थर खातात. वरचा टणक थर मग छपरासारखा पुढे राहतो, आतून पोकळ. त्याच्या भेगांत मुळं घुसतात, मुळांवर माती साठते, मातीवर गवत वाढतं आणि ते गवत कातळाच्या पुढे चांगलं हातभर लोंबतं. वरून बघणाऱ्याला सगळं एकच हिरवं पठार दिसतं. आपण ज्यावर उभे आहोत तो कातळ आहे की त्याच्या पुढे लोंबणारी मुळांची चटई, हे फक्त खालच्या माणसाला दिसू शकतं. आणि खाली कोणी नसतं.

गडाच्या पायथ्याला पाचनईत मी ज्या मामांकडे उतरतो त्यांची एक कालवड काही वर्षांपूर्वी अशीच गेली. भाद्रपदात. मी आपलं विचारलं, जनावराला कळत नाही का हो कडा? मामा चुलीत लाकूड सारत म्हणाले, "कळतंय की. पण बाकीचं गवत गुरांनी खाल्ल्यालं आसतंय. कडंला कोणी जात नाय, म्हणून तिथंच लुसलुशीत राहतंय."

आता मोबाइलवाल्यांचं बघा. बाकीच्या पठारावरचे फोटो हजारांनी टाकून झालेत.

कोकणकड्यावर आणखी एक फसवणूक आहे, ती धुक्याची. कडा सरळ नाही, आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. टोकाला आलात तरी खालची भिंत दिसत नाही. दीडेक हजार फुटांची ती पोकळी धुक्याने भरली की भीतीच निघून जाते. समोर कापसाची गादी घातल्यासारखं वाटतं. दृष्टिभय म्हणतो ना आपण, खोली बघून वाटणारी भीती, ते डोळ्यांवर चालतं. डोळ्यांना खोली दिसलीच नाही तर पाय थरथरत नाहीत, पाऊल आखडत नाही, पोटात गोळा येत नाही. ते थरथरणं खरं तर आपलं रक्षण करत असतं. त्यात इंद्रवज्राचा मोह. 1835 साली कर्नल साइक्सने इथे ते गोल इंद्रधनुष्य आणि त्यात स्वतःची सावली पाहिल्याची नोंद केली, तेव्हापासून प्रत्येकाला ते बघायचंय. त्याला सूर्य पाठीशी हवा आणि समोर दरीत धुकं. म्हणजे ओला कातळ, भिजलेलं गवत, खोली झाकलेली आणि आपली सावली बघायला सगळे पुढे पुढे सरकतायत. मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा पालथा झोपून, दोघांनी पाय धरलेले असताना. फोटो भिकार आले.

पालथं झोपण्यात काही कमीपणा नाही. उभ्या माणसाचा तोल कमरेच्या आसपास असतो, पाठीवर सॅक असली की तो आणखी वर चढतो, आणि खालून कड्याला धडकून उसळणारा वारा नेमका छातीवर येतो. बाटलीचं झाकण सोडलं तर कधीकधी वर परत येतं, असा वारा असतो तिथे. तोल गेल्यावर सावरायला किती वेळ मिळतो याचा शाळेतला हिशोब करून बघा. पहिल्या सेकंदात माणूस 16 फूट खाली गेलेला असतो, दुसरा सेकंद संपताना 64 फूट. 'अरे' म्हणून हात पुढे करेपर्यंत हात धरायला कोणी उरत नाही.

आणि रात्र. यावर कोणी बोलत नाही कारण विषय जरा अवघडल्यासारखा आहे. कड्याजवळ तंबू लावतात, व्ह्यू पाहिजे म्हणून. रात्री दोन वाजता लघवीला उठतात, अर्धवट झोपेत, पायात स्लीपर, टॉर्च कोण शोधतंय. तंबूचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही आठवत नाही. मी ज्यांच्याबरोबर जातो त्यांचा नियम आहे की तंबू कड्यापासून निदान शंभर पावलं मागे, आणि 'जाऊन येतो' म्हणायला शेजारच्याला उठवायचंच. शिव्या खाऊन उठवायचं.

आता रीलचं. जुलै 2024 मध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करताना एक तरुणी दरीत कोसळली. बचाव पथकांनी कित्येक तास राबून तिला वर आणलं, पण ती वाचली नाही. त्या बातमीखालच्या कमेंट मी वाचल्या. 'हौस फिटली', 'अजून करा रील'. मला त्या मुलीपेक्षा त्या कमेंटवाल्यांची भीती वाटते, कारण त्यांना खात्री आहे की आपण त्यातले नाही. माझ्या हातात 2003 साली कॅमेरा नव्हता, पोळी होती. मोबाइलने एक गोष्ट नक्की बिघडवली, ती म्हणजे त्याने माणसाला दरीकडे पाठ करायला लावली. 2018 मध्ये भारतीय डॉक्टरांच्या एका अभ्यासात ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळातले सेल्फीच्या नादातले 259 मृत्यू जगभरातल्या बातम्यांतून मोजले होते, त्यात सर्वाधिक भारतातले. पण उद्या सगळे मोबाइल जप्त केले तरी ती गवताची चटई तिथेच आहे.

अनुभवी माणसाला काही होत नाही, हा दुसरा गैरसमज. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंतांएवढा सह्याद्री किती जणांनी पालथा घातला असेल? जानेवारी 2020 मध्ये याच कोकणकड्यावर रॅपलिंगच्या (दोराने कडा उतरण्याच्या) मोहिमेत त्यांचा जीव गेला. ती बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, पुढचा घास गिळवेना. त्यांच्यापुढे आपण कोण? कड्याच्या चार फुटांत आलो की स्वतःला विचारायचा हा प्रश्न मी तेव्हापासून लावून घेतलाय.

उपाय म्हणून दर पावसाळ्यात काय होतं? जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम निघतो. धबधबे बंद, किल्ले बंद, पोलीस पायथ्याला उभे. मला हे पटत नाही. बंदीमुळे मामांची चूल थंड पडते, नियमाने जाणारे घरी बसतात आणि चोरवाटेने जाणारे पहाटे तीनला अंधारात चढतात, म्हणजे आणखी वाईट वेळी. लोखंडी कठडे हाही माझ्या मते अर्धाच उपाय. कठडा दिसला की लोक त्याला टेकतात, त्यावर बसतात, त्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढतात. दोन पावसाळे खाल्लेला पाइप किती गंजलाय ते कोण बघतं!

खरी गडबड माझ्या मते पैसे घेऊन ट्रेकला नेणाऱ्यांच्या बसमध्ये आहे. हजार-बाराशे रुपयांत नाश्ता, जेवण, प्रवास आणि 'लीडर'. साठ माणसांमागे दोन पोरं, त्यातलं एक गेल्याच वर्षी पहिल्यांदा डोंगरात आलेलं. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांनी नोंदणी करायची असं ठरलं. तुम्ही पैसे भरण्याआधी कोणाला नोंदणी विचारलीत कधी? मी विचारतो आणि समोरून बहुतेकदा एक अंगठ्याचा इमोजी येतो.

आणि पडल्यावर शोधायला कोण येतं? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं. पगारी नाहीत. कोणाचं दुकान आहे, कोणाची नोकरी. एका स्ट्रेचरला आठ-दहा जण लागतात, तेही आलटून पालटून, मुरमाच्या घसाऱ्यावरून, पावसात. मी एकदाच अशा उचलण्यात हात लावलाय, जेमतेम तासभर. खांद्याला रुतलेला पट्टा पुढे आठवडाभर दुखत होता. वर आलेल्या नातेवाइकाने विचारलं होतं, "लागलंय का फार?" कोणीच उत्तर दिलं नाही, सगळे खाली बघून चालत राहिले.

त्या सॅकवाल्या पोराने नंतर मामांच्या ओट्यावर मला हुडकून काढलं. म्हणाला, "काका, चेन बंद होती माझी." म्हटलं, हो. तो थोडा वेळ गप्प बसला, मग माझ्या ताटातली मिरची उचलली.

येत्या शनिवारी पुन्हा पाचनईला जातोय, गाडीत दोन जागा आहेत. बूट खोबणीच्या तळाचे हवेत, जुने अ‍ॅक्शन कंपनीचे चालतील. तळवे गुळगुळीत झालेले पांढरे स्नीकर घालून आलात तर ओट्यावर बसवून पुढे जाईन, आधीच सांगतो. पिठलं-भाकरी तिथेही मिळते.