स्टेटसला काय होतं, हे आधी वाचता यायला हवं

तुमच्या लेखात अतिरेकी विचारांवर संशोधन करणाऱ्यांच्या करिअरबद्दल 'परदेशी पदवी आणि डेटा' यावर फारच भर दिलाय. माझा भाचा हेच काम करतो. शिवाजी विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए, आता दिल्लीतल्या एका संस्थेत. सुट्टीला कोल्हापुरात राजारामपुरीत आला की लॅपटॉप उघडून बसतो. हिंसेची एक घटना, तक्त्यात एक ओळ. तारीख, गाव, लक्ष्य कोण, हत्यार कोणतं, जबाबदारी कुणी घेतली. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाने 1970 पासूनच्या जगभरच्या दहशतवादी घटनांची नोंद अशीच रकाने पाडून ठेवलीय म्हणे.

पण 7 जून 2023 ला कोल्हापुरात जे झालं ते कुठल्या रकान्यात बसवणार? काही पोरांच्या सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून बंद, शिवाजी चौकात जमाव, लाठीमार, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. बाहेरच्या भाषांतरकाराला त्या स्टेटसमधला टोमणा कळणारच नाही, आणि त्यावर आलेल्या शिव्यांमधली गंमत कुठली आणि धमकी कुठली तेही नाही. तिथं तालमीच्या कट्ट्यावर वाढलेला पोरगाच लागतो.

लेखात न आलेली गोष्ट म्हणजे नोकरी प्रकल्पापुरती. निधी संपला की पुन्हा अर्ज. आणि कामासाठी बघावे लागणारे ते हिंसेचे व्हिडिओ! भाचा आवाज बंद करून बघतो, जेवायच्या आधी तर नाहीच.

परवा स्थळ आलं होतं. 'मुलगा काय करतो?' ताई म्हणाली, 'दहशतवादावर आहे.' पाहुण्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.