स्लॉट रिकामा, पण बेसिन कुठंय रिकामं?

पार्लरसाठी ऑनलाइन अपॉइंटमेंटची सॉफ्टवेअरं बनवणारे कधी पार्लरमध्ये तासभर बसलेत का? म्हणे पाच मिनिटांत सेटअप!

आधी टाइम झोन. काही ठिकाणी तो यूटीसीवरच (आपल्या साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर) पडून असतो. आपण सकाळी १० ते रात्री ८ भरायचं, आणि जुळे सोलापूरच्या ताईंना मोबाइलवर दुपारी ३:३० ते रात्री १:३० दिसणार. रात्री दीडला आयब्रो कोण करतं हो? कोलकाता झोन, म्हणजे भारतीय वेळ, निवडला की मिटतं, पण ते सेटिंग सापडलं पाहिजे ना.

खरा वैताग हेअर कलरचा. लावायला ३० मिनिटं, मुरायला ३५, धुवून सुकवायला २५. मधल्या ३५ मिनिटांत काम करणाऱ्या मुलीचे हात मोकळे असतात; एक आयब्रो, एक अप्पर लिप सहज होतं. सॉफ्टवेअर मात्र सलग ९० मिनिटं अडवून बसणार. मधला वेळ मोकळा सोडायची सोय असलीच तर महागड्या प्लॅनमध्ये! आणि दुसरीकडे बरोब्बर उलटं: मुली दोन, बेसिन एक. स्लॉट मोजले जातात मुलींवर. मग ११ वाजता दोन कलर बुक होतात आणि १२:०५ ला दोघीजणी डोक्यावर रंग घेऊन एकाच बेसिनपुढे. जिला थांबावं लागतं तिची शेड बिघडणार, आणि बोलणी कुणी खायची? आम्हीच. बेसिन वेगळा रिसोर्स म्हणून टाकून संख्या १ करा, कलरला जोडा, तेव्हा कुठं हे थांबतं. ते कुणी आपणहून सांगत नाही.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक, रस्ते बंद, म्हणून सॉफ्टवेअरला जोडलेल्या गूगल कॅलेंडरमध्ये सुट्टी टाकली तरी बुकिंग येतंच. कारण तिथं दिवसभराची नोंद आपसूक 'फ्री' पडते. ती उघडून 'बिझी' केल्याशिवाय सॉफ्टवेअरला सुट्टी दिसतच नाही. असली कसली अक्कल!

रिमाइंडरचं तर विचारूच नका. एसएमएसचं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवलेलं नसेल तर मेसेज वाटेतच अडतो. नोंदवलं तरी इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. नाव, वेळ, पत्ता, 'येणार नसाल तर कळवा' एवढं लिहिलं की एका निरोपाला दोन-तीन मेसेजचे पैसे. दर विचारताना हे बोलायला त्यांच्या सेल्सवाल्याची जीभ काय झिजते काय?