साहेब ओरडले तर मान खाली, फाइल वर

गेल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी ‘ताणाशी मैत्री’ नावाच्या ऑनलाइन सत्राला हजर होते. हजेरी सक्तीची होती. कॅमेरा चालू ठेवणंही सक्तीचं होतं, आमचा ताण खरोखर उतरतोय की नाही हे वरच्यांना दिसायला हवं ना. प्रास्ताविकाचे दोन शब्द बोलायला आमचे सीनियर आले. तीन आठवड्यांपूर्वी मी लेखी तक्रार केली होती, ती यांच्याविरुद्धच. तक्रारीची पोच आली नाही, सुनावणी झाली नाही, आलं ते थेट या सत्राचं निमंत्रण. मग दीड तास एका गोड आवाजाच्या बाईंनी आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मी सात वर्षं वकिली करतेय. श्वास मला येतो.

एवढं ज्ञान एकटीनं पचवणं बरं नाही. म्हणून या पेशात नव्यानं आलेल्या आणि येऊ घातलेल्या तुम्हा सर्वांना हिताच्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, शब्द जपून वापरा. ‘छळ’ म्हणू नका, तो फार जड शब्द आहे. सीनियर ओरडतात ती त्यांची तळमळ. फाइल भिरकावतात, कारण त्यांना काम चोख लागतं. रात्री दीड वाजता मेसेज येतो आणि दोन वाजता ‘पाहिलास का?’ असा दुसरा येतो, त्याला मार्गदर्शन म्हणतात. कायद्याचा कागद हातात आला की आपण आधी व्याख्येचं कलम उघडतो, तेव्हा तुमच्यातला एखादा चौकस २०१९ चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार काढून बसेल. त्यात लिहिलंय की असं वागणं एकदाच घडलं तरी ते हिंसा आणि छळ या व्याख्येत बसू शकतं. इंटर्न आणि शिकाऊ माणसंही त्यात धरली आहेत. हे वाचून हुरळून जाऊ नका. करार राष्ट्रांमध्ये होतात, आणि सीनियरची केबिन राष्ट्र नसली तरी सार्वभौम असते.

दुसरी गोष्ट: चूक साहेबांची असली, तरी ती वेळेत लक्षात आणून न देण्याची चूक तुमची. (वेळेत आणून दिलीत, तर तो उद्धटपणा.)

तिसरी गोष्ट सार्वजनिक ठिकाणी अपमान कसा घ्यावा याबद्दल. न्यायालयात सीनियर तुमच्यावर घसरले तर हसावं. दात दिसू देऊ नयेत, ओठांचे कोपरे जरासे वर गेले की पुरे. मला हे जमत नाही. झालं असं की सुनावणीच्या आदल्या रात्री सीनियरांनी कागदपत्रांच्या संचातून एक पत्र स्वतःच्या हातानं काढलं. ‘हे नको, उगाच समोरच्याच्या हातात कोलीत.’ मी म्हटलं, सर, अनुक्रमणिकेत त्याचा उल्लेख आहे. म्हणाले, राहू दे. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी नेमकं तेच पान मागितलं. सीनियर वळले. न्यायाधीश, समोरचे वकील, आमचा पक्षकार आणि मागच्या बाकावरची सगळी मंडळी यांच्या देखत म्हणाले, “हिला साधी पानं लावता येत नाहीत, आणि म्हणे वकील.” न्यायाधीश हसले. समोरचे वकील हसले. मी वाकून संच चाळत राहिले. जे पान तिथे नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, ते शोधत राहिले. बाहेर आल्यावर पक्षकारानं मला अगदी आपुलकीनं विचारलं, “मॅडम, तुम्ही अजून शिकताय का?”

आणि मग लिफ्ट. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. सीनियर म्हणाले, “अगं, कोर्टात असं बोलावं लागतं. मनाला लावून घेऊ नकोस.” अपमान भर न्यायालयात, दिलगिरी बंद लिफ्टमध्ये, आणि तीही चौथा मजला येईपर्यंतच! हाच माणूस आदल्याच आठवड्यात तासभर उभा राहून युक्तिवाद करत होता की माझ्या अशिलाला बाजू मांडायची संधीच दिली नाही, दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय कोणालाही दोषी धरता येत नाही, हा नैसर्गिक न्यायाचा पाया आहे. काय आवाज लागला होता! तो अशील कोण होता ते सांगत नाही, पण पैसे बुडवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याला नैसर्गिक न्याय. मला लिफ्ट.

असो. उपरोध सुटतोय. सूचनांकडे वळू.

रडायचं असेल तर स्वच्छतागृहात रडा. दुसरा दरवाजा निवडा, पहिल्याची कडी लागत नाही.

‘पाच मिनिटं आत ये’ याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

पुढची गोष्ट परंपरेची. ‘आम्ही याच्या दुप्पट सोसलंय’ हे वाक्य ऐकलं की नतमस्तक व्हा. आपल्या पेशात जुन्या निवाड्याला मान असतो. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी यांच्या अंगावर फाइल फेकली, म्हणून ती आज तुमच्या अंगावर येते, इतका सरळ पूर्वनिर्णय आहे. चुकीचा निवाडा फिरवता येतो हे यांना तोंडपाठ असतं. पण ते अशिलासाठी, फी घेऊन.

न्यायाधीश सीनियरवर डाफरले, तर त्याची झळ तुमच्यापर्यंत पोचायला फार तर दहा मिनिटं लागतात, तेव्हा तयार राहा. हे तुमच्याकडेच होतं असं समजून स्वतःला विशेष मानू नका. इंग्लंड आणि वेल्समधल्या बॅरिस्टरांकडच्या छळाची चौकशी तिथल्या माजी मंत्री हॅरिएट हार्मन यांनी केली. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ३६ शिफारशी आहेत आणि न्यायाधीशांचं वागणंही त्यातून सुटलेलं नाही. एवढ्या जुन्या, एवढ्या रुबाबदार पेशालाही शेवटी बाहेरून माणूस आणून विचारावं लागलं, की बाबांनो, आमचं काय चुकतंय.

आता तक्रार कशी करावी. ही सहावी की सातवी सूचना, मोजणं सोडलंय. तक्रार जरूर करा, धोरण आहेच. धोरणाला छान मुखपृष्ठ आहे. ज्यांच्याकडे तक्रार द्यायची ते सीनियरांचे वर्गमित्र असतील, पण ते निष्पक्ष आहेत असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं असतं. ते तुम्हाला समोर बसवून हळुवारपणे विचारतील, “घरी सगळं ठीक आहे ना?” इथे तुम्ही ओळखायचं, की आरोपी कोण आहे ते ठरलेलं आहे. इंटरनॅशनल बार असोसिएशन या वकिलांच्या जागतिक संघटनेनं २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळपास ७००० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दोन स्त्रियांपैकी एकीनं आणि दर तीन पुरुषांपैकी एकानं छळ सोसल्याचं सांगितलं, आणि ५७ टक्के प्रकरणांत तक्रारच झाली नव्हती. ज्यांनी ती केली नाही ते अडाणी होते का? लोकांच्या तक्रारी लिहून देणं हाच त्यांचा धंदा! कुठल्या कलमाखाली, कुणाकडे, किती दिवसांत दाद मागायची, हे झोपेत सांगतील अशी माणसं. स्वतःची पाळी आली तेव्हा त्यांनी अशिलाला दिला असता तोच सल्ला स्वतःला दिला, की या प्रकरणात दम असला तरी न्यायासन आपलं नाही.

बास झालं आता.

सहकाऱ्यांनो, त्या दिवशी न्यायालयात मागच्या बाकावर तुम्ही चौघं होतात. आदल्या रात्री पान कोणी काढलं हे तुमच्यातल्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नंतर एक-एक करून माझ्याकडे आलात. “वाईट वाटलं गं.” “त्यांचा स्वभावच तसा आहे.” “तू लिही, आम्ही आहोत.” मी लिहिलं. तुम्ही कुठे आहात? साक्षीदार उलटला की पिंजऱ्यात त्याची कशी सालं काढता तुम्ही, मी पाहिलंय. तुमची कोण काढणार? तुम्ही भित्रे आहात असंही मी म्हणत नाही, मीही दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीच्या वेळी मोबाइलमध्येच डोकं घातलं होतं. ती पेशा सोडून गेली. तिला मी ‘वाईट वाटलं’ एवढंही म्हटलं नाही, त्यामुळे हे मलाही लागू आहे. आणि सर, तुम्ही हुशार आहात हे कोणीच नाकारत नाही. पण तुमच्या त्या हुशारीला रोज कोणाला तरी पायाखाली घ्यावं का लागतं?

नवीन मुलांनो, वरच्या सगळ्या सूचना फाडून टाका. घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे, आणि हजर कोण होतं. महिन्यानंतर आठवून लिहिलेल्या कागदाचं उलटतपासणीत काय होतं ते तुम्ही शिकला आहात. पक्षकाराचा एकही कागद मात्र घरी नेऊ नका, नाहीतर तुमच्या तक्रारीऐवजी त्याचीच चौकशी होईल. आणि शेजारच्या टेबलावर कोणाचं असं झालं तर नंतर वाईट वाटून घेऊ नका, तिच्या कागदाखाली साक्षीदार म्हणून तुमचं नाव घाला.

सोमवारी सत्राचा अभिप्राय-फॉर्म आला. ‘या सत्रातून तुम्हाला काय मिळालं? २०० शब्दांत लिहा.’ मी त्या सुनावणीची तारीख लिहिली, वेळ लिहिली, काढलेल्या पानाचा क्रमांक लिहिला आणि हजर असलेल्या चौघांची नावं लिहिली. १३८ शब्दांत बसलं. पाठवून दिलाय.