विजयदुर्गचे ओटे आणि न गोठणारा हेलियम

ऑगस्ट उजाडला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. 18 ऑगस्ट 1868 रोजी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला, किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे', म्हणजे निरीक्षणाची उपकरणे ठेवण्याचे चौथरे, हा त्याचा पुरावा आहे आणि हाच वायू उणे 273 अंशांना गोठवून त्याच्या बर्फात एमआरआय यंत्रे थंड ठेवतात, असे त्यात म्हटलेले असते. मी याच किनाऱ्यावर वाढलो, विजयदुर्गाचा मला मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच या तिन्ही विधानांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान तारखेचे. त्या दिवशी भारतातून खग्रास ग्रहण दिसले, हे खरे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन तेव्हा गुंटूरला होते. लॉकयर मात्र इंग्लंडमध्येच होते आणि सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात, सोडियमच्या जोडरेषांशेजारी असलेली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, 20 ऑक्टोबर 1868 रोजी पाहिली. शिवाय ऑगस्टच्या मध्यावर आपल्याकडे आभाळ कसे असते, हे कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको.

ओटे मात्र खोटे नाहीत. लॉकयर विजयदुर्गावर खरोखरच आले, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, हिवाळ्याच्या निरभ्र आकाशाखाली, मदतीला ब्रिटिश नौदलाचे खलाशी घेऊन. त्याआधी, 1895 मध्येच, विल्यम रॅमसे यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम पृथ्वीवर मिळवला होता. 1898 च्याच मे महिन्यात लंडनला जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजनचा द्रव केला, म्हणजे उणे 253 अंश गाठले, आणि ज्याचा द्रव कोणालाच करता आला नव्हता असा हेलियम तेवढा उरला.

तिसऱ्या विधानातली चूक मला अधिक सलते, कारण हेलियमचे खरे वेगळेपण तीच झाकून टाकते. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवनत्राच्या पात्रात बुडवून ठेवतात. झाकण उघडले की हवेतल्या बाष्पाचे पांढरे धुके पात्राच्या कडेवरून खाली ओघळते. तो द्रव उणे 196 अंशांचा असतो. हेलियमचा द्रव व्हायला त्याच्याही खाली आणखी 73 अंश, म्हणजे उणे 269 पर्यंत जावे लागते. नेदरलँड्समधील लायडन येथे भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी 10 जुलै 1908 रोजी, द्रव हायड्रोजनने आधी गारवलेला हेलियम प्रसरण पावू देऊन, ते साधले. द्रव भांड्यात जमला तरी तो इतका पारदर्शक होता की आधी कोणाला दिसेना. खालून प्रकाश टाकल्यावर त्याच्या पृष्ठभागाची कडा उमटली.

त्यांनी वरची वाफ पंपाने ओढून तो आणखी थंड केला, पण तो गोठला नाही. हेलियमचे अणू हलके आणि त्यांचे परस्परांवरील आकर्षण फार क्षीण, त्यामुळे कितीही उष्णता काढून घेतली तरी पुंज (क्वांटम) नियमांनुसार उरणारी त्यांची हालचाल त्यांना जागच्या जागी बसू देत नाही. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली हेलियमचा बर्फ होतच नाही. त्यासाठी सुमारे 25 पट दाब लागतो आणि 1926 मध्ये लायडनच्याच केसम यांनी दाबाखालीच तो घनरूप केला. एवढा दाब नसेल तर उणे 271 अंशांच्या आसपास तो अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, होतो आणि भांड्याच्या भिंतीवरून पातळ थराने वर चढून बाहेर ठिबकतो. शिवाय उणे 273.15 हे निरपेक्ष शून्य, म्हणजे तापमानाची सर्वांत खालची मर्यादा, आजवर कोणीही गाठलेले नाही.

एमआरआय यंत्रातील नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी सहसा द्रव हेलियमने थंड ठेवली जातात, आणि त्या थंडीत विद्युतरोध नाहीसा झाल्यामुळेच त्यांतून मोठा प्रवाह न तापता वाहतो.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ओट्यांपुढे 22 जानेवारी 1898 ही तारीख घालावी आणि 'बर्फ' खोडून 'द्रव' लिहावे.