वजनकाटा ठेवा बाजूला, टेप काढा

हातपाय काटकुळे आणि शर्टाच्या बटणांमधून डोकावणारं पोट. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असा माणूस प्रत्येक नाक्यावर भेटतो. त्याला काही सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: "माझं वजन ६२च आहे." असेल हो. ते ६२ किलो कुठे बसलेत ते बघा.

कातडीखालची चरबी म्हणजे भाताची कणग. जास्तीचं त्यात पडून राहतं, फारसा त्रास देत नाही. कणग भरली की तेच यकृतात, आतड्यांभोवती सांडायला लागतं. आपल्या लोकांची कणग लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसकट छापून आलं.

आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त थेट यकृतात जातं, खरी गोम तिथे आहे. ही चरबी सतत विरघळून फॅटी अ‍ॅसिड सोडते. यकृत त्याचं ट्रायग्लिसराइड (चरबीचाच एक प्रकार) करून रक्तात ढकलतं, की चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, उतरतं. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला जुमानत नाही, आपण झोपेत असतानाही साखर सोडत राहतं. म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, त्याने मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि बीपी चढतं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' आलं की "सगळ्यांनाच असतं" म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये सारतात, पण सुरुवात बहुधा तिथूनच झालेली असते.

मोजायचं कसं? पँटच्या पट्ट्यावर नाही, तो पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही! पुरुषांना ९० सेंटीमीटर (साधारण साडेपस्तीस इंच), बायकांना ८० (साडेएकतीस). तिथे पोचलात की एक खूण झाली. बाकीच्या चार: ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५०च्या खाली, बीपीचा वरचा आकडा १३० किंवा खालचा ८५ वा त्याहून वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचातल्या तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारा बिघाड. या आकड्यांसाठी गोळी चालू असेल तर तीही खूणच धरायची.

आता खाण्याचं. उगाच नारळाला आणि भाताला फाशी देऊ नका. भात सोडून चार चपात्या चेपणाऱ्याने काय साधलं? उकड्या तांदळाचा भात एक वाटी, सोबत कुळथाची पिठी, भाजी, बांगड्याचं तिखलं. बांगडा-तारलीतलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइडला चांगलंच, फक्त रव्यात घोळून तेलात पोहायला सोडू नका. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, वर फरसाण, खारी. संध्याकाळच्या 'बसण्या'चं तर बोलूच नका: दारूच्या एका ग्रॅममागे ७ कॅलरी, आणि ट्रायग्लिसराइड वेगळं.

पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. कापून काढूनही उपयोग नाही: २००४च्याच एका अभ्यासात लठ्ठ बायकांची कातडीखालची सुमारे १० किलो चरबी लायपोसक्शनने (नळीने शोषून) काढली, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं नाही. चालताना मात्र आतलीही विरघळते. जेवण झाल्यावर १५ मिनिटं चाला. पूर्वी पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढून, रहाटाने पाणी ओढून मांड्या-खांदे राबत होते, साखर तिकडे खर्ची पडायची. आता विहिरीवर पंप आणि दारात स्कूटर. निदान पाखाडी तरी दिवसातून दोनदा चढा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली येते.

वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी यकृत हलकं होतं. ६२ किलोवाल्याला ते ३ ते ६ किलो. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच जागी टेप लावा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. काटा हलला नाही पण टेप दोन सेंटीमीटर आत आली, तर काम चालू आहे.